चालू खाते

गेल्या मंगळवारी मी ठाणे स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीतून डोंबिवलीच्या दिशेने साधारण दोनशे फूट प्रवास केला आणि तितक्याच झटक्यात जागच्या जागी परत आलो.

हे वाक्य वाचून तुम्हाला माझ्याविषयी शंका आली असेल तर ती साहजिक आहे. आमच्या हिलाही आली होती. झालं ते असं. संध्याकाळची गाडी आणि वर्षातून एखाद्या वेळी लाभावी तशी खिडकीची जागा लाभलेली. शेजारच्या रुळावर दुसरी लोकल उभी. तिच्या खिडकीत एक गृहस्थ खारे शेंगदाणे खात बसलेले. एकाएकी ते गृहस्थ पुडीसकट मागे सरकायला लागले. पाठोपाठ त्यांचा डबा, त्याच्या पुढचा डबा, सगळंच मागे. गाडी सुटताना पोटात हलतं तसं माझ्या पोटात हललंसुद्धा. मी ताबडतोब घरी फोन करून "गाडी सुटली" म्हणून कळवलं. आमच्या घरात या दोन शब्दांचा अर्थ "कुकर लाव" असा आहे.

मग शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा निघून गेला आणि त्याच्यामागून फलाटावरचा वडापावचा स्टॉल, आधी जिथे होता अगदी तिथेच, प्रकट झाला. हललो होतो ते आम्ही नव्हे, हलले होते ते शेंगदाणे. आमची गाडी पुढे चाळीस मिनिटं जागची हलली नाही.

घरी पोचलो तेव्हा भात गार झाला होता आणि वातावरण गरम.

"सुटली म्हणून फोन कशाला केलात?"

"सुटताना दिसली म्हणून."

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत?"

"डोळ्यांनीच पाहिली. तिथेच तर घोटाळा झाला."

अशा वेळी शहाणा नवरा माफी मागतो. मी वाचनालयात गेलो.

माझं शिक्षण बी. कॉम. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीत, उभयपक्षी संमतीने तुटला. तरीही दोन-तीन पुस्तकं आणून वाचली, आणि आश्चर्य म्हणजे माझ्या बाजूने पहिला साक्षीदार उभा राहिला तो थेट आर्यभट. इसवी सन ४९९ मधल्या 'आर्यभटीया'त त्याने लिहून ठेवलंय, की नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. तसेच जागच्या जागी असलेले तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी, आणि आळ येतो ताऱ्यांवर. माझी केस याच्या बरोबर उलटी होती. त्याचा नाववाला जात असून थांबलेला होता, मी थांबलेला असून जात होतो. पण खातं एकच. हे मी हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याने त्यातून पृथ्वी फिरते हे शोधून काढलं. तुम्ही दोन वाट्या भात वाया घालवलात."

शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. त्याला वेग कळत नाही. वेगातला बदल तेवढा कळतो. गाडी अगदी हळू सुटली तर ते गप्प बसतं. मग डोळ्यांचा एकतर्फी जबाब मेंदूपुढे येतो. डोळे म्हणतात, "समोरचं सगळं सरकतंय." मेंदू विचार करतो, सगळं जग एकदम कशाला सरकेल? त्यापेक्षा आपणच सरकत असू. हा हिशेब एरवी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरतो. शंभराव्या वेळी आपण ठाणे स्टेशनात असतो.

इथवर ठीक होतं. पण पुस्तकं पुढे वाचत गेलो आणि लक्षात आलं, की घोटाळा एका मंगळवारपुरता नाही. रोजचाच आहे.

लहानपणी गणपतीत आमच्या आळीत पडद्यावरचा सिनेमा असायचा. पुढे जागा नसली की आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. तिथे सगळे नायक डावखुरे असत आणि दुकानांच्या पाट्या उलट्या असत, पण फुकटात तेवढं चालतं. मध्येच कधीतरी रीळ अडकायचं. नायक इमारतीवरून उडी मारता मारता हवेत थांबायचा, मग त्याच्या पोटाशी एक तपकिरी भोक पडायचं आणि बघता बघता नायक जळून जायचा. तेव्हा कळायचं, की ही उडी नव्हतीच. उडीचे फोटो होते. एका सेकंदाला चोवीस. शिवाय एक फोटो जाऊन दुसरा येईपर्यंत यंत्रातली झडप मिटायची आणि पडदा काळा व्हायचा. म्हणजे रिळांच्या जमान्यात तीन तासांच्या चित्रपटात माणूस जवळजवळ दीड तास निव्वळ काळोख बघत बसे, आणि तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण देई. आता रिळं गेली, पण चोवीसचा आकडा बहुतेक चित्रपटांनी अजून सोडलेला नाही.

दादासाहेब फाळक्यांना हा व्यवहार नेमका उमगला होता. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत १९१३ साली लागला. त्याआधी भांडवल उभं करायचं म्हणून त्यांनी काय केलं असेल? कुंडीत वाटाणा लावला आणि दिवसेंदिवस त्याची एकेक चौकट टिपत राहिले. मग ती फिल्म भराभर फिरवून दाखवली. मातीतून कोंब वर येतोय, पानं फुटताहेत, वेल चढतोय! पैसेवाले गार झाले आणि भांडवल मिळालं. बँकेच्या नोकरीत मी तारण म्हणून सोनं पाहिलं, फ्लॅट पाहिले, एकदा एकाने म्हैस दारापर्यंत आणलेली पाहिली. पण वाटाण्याच्या कोंबावर पैसे उभे करणारा माणूस एकच. त्या वाटाण्याची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

आता प्रश्न असा, की पडद्यावर काही हलत नाही, तर हलणं येतं कुठून? याचा छडा लावला तो माक्स वेर्थहाइमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, आणि तोही माझ्यासारखाच रेल्वेच्या प्रवासात. १९१० साली हा गृहस्थ सुट्टी घालवायला निघाला होता. गाडीत बसल्या बसल्या डोक्यात कल्पना आली म्हणून मधेच फ्रँकफुर्टला उतरला, चित्रं फिरवायचं एक खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत खेळत बसला. आमच्याकडे असं कोणी केलं तर बिनपगारी रजा लागते. त्याचा मात्र १९१२ साली ग्रंथांत मोडणारा शोधनिबंध झाला. त्याने दोन रेषा एकीमागून एक उजळवून दाखवल्या. मधलं अंतर सेकंदाचे दोनशे हजारांश ठेवलं, तर लोकांना आधी एक रेष आणि मग दुसरी रेष दिसे. तीस हजारांश ठेवलं, तर दोन्ही एकदम. पण साठेक हजारांश ठेवलं, की लोक म्हणत, "एकच रेष आहे, ती इथून तिथे गेली." कोणीही कुठेही गेलेलं नव्हतं. मधला प्रवास बघणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घातला होता.

आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. दिवसाअखेर हिशेब जुळत नसला की फरकाची रक्कम तात्पुरती एका खात्यात टाकतात, त्याला 'सस्पेन्स' म्हणतात. सस्पेन्समध्ये टाकली की बेरीज जुळते आणि लोक घरी जातात. मेंदूचं तेच. दोन चित्रांमधला फरक तो 'हालचाल' या खात्यात टाकतो आणि घरी जातो.

खोटं वाटत असेल तर एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लख्ख दिसतील. आपली बुबुळं सेकंदाला दोन-तीन वेळा इकडून तिकडे उडी मारतात आणि त्या उडीपुरता मेंदू डोळ्यांचा जबाब नोंदवूनच घेत नाही. मी हा प्रयोग सकाळी न्हाणीघरात वीस मिनिटं केला. बाहेरून हिने विचारलं, "दाढी करताय की मुलाखत देताय?" मी म्हटलं, "माझे डोळे हलताना मला दिसत नाहीत." ती म्हणाली, "मला दिसतात. मुख्यतः शेजारच्या बाल्कनीकडे."

असो. ज्या खात्यात एवढी कच्ची नोंद चालते, ते खातं बुडत कसं नाही? मी वाणिज्याचा विद्यार्थी, म्हणून मला उत्तर आमच्याच क्रमिक पुस्तकात सापडलं. हिशेबशास्त्राचं एक गृहीतक आहे, 'गोइंग कन्सर्न'. धंदा आज चालू आहे, तर तो उद्याही चालू राहील असं धरून वह्या लिहायच्या. ३१ मार्चचा ताळेबंद म्हणजे एक फोटो. दोन वर्षांचे दोन फोटो शेजारी ठेवले, की मधल्या काळात तीच कंपनी चालत होती असं आपण समजतो. मधे कोणी पाहिलेलं नसतं.

तान्हं मूलही हेच शिकतं. झ्याँ पियाजे म्हणे, की झाकलेली वस्तू तिथेच असते हे मुलाला आठ-नऊ महिन्यांचं झाल्याशिवाय कळत नाही. पुढे १९८७ मधल्या एका प्रयोगात साडेतीन महिन्यांची काही बाळंसुद्धा पडद्याआड गेलेली वस्तू आहेच असं धरून चालतात असं दिसलं. माझा मुलगा तेवढा असताना मी तोंडावर टॉवेल धरून 'बुवाऽ कुक' करायचो आणि तो खदखदा हसायचा. मला वाटे, माझ्या विनोदबुद्धीला हसतोय. पुस्तक वाचल्यावर वाटलं, त्याचा ताळेबंद जुळत असावा. टॉवेलाआड गेलेला बाप तोच बाहेर आला, एवढ्यानेच पोरगं खूश.

आणि हे खातं खरंच बुडालं तर? तसं एका बाईच्या बाबतीत घडलेलं आहे. जर्मनीत म्युनिकमधल्या डॉक्टरांनी १९८३ साली तिची हकिगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या बाजूला इजा झाल्यामुळे तिला हालचाल दिसेनाशी झाली. रंग दिसत, आकार दिसत, माणसं ओळखू येत, फक्त हलणं दिसत नसे. चहा ओतायला घेतला की किटलीची धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे. कपात चहा चढतोय हे न दिसल्यामुळे थांबायचं कधी ते कळत नसे आणि चहा बशीत, बशीतून टेबलावर. रस्त्यात गाडी दूर दिसे आणि पुढच्याच क्षणी अंगावर. खोलीत माणसं चालत असली की ती बाहेर निघून जाई, कारण माणूस आत्ता इथे असे आणि एकदम तिथे. मधे त्याला जाताना तिने पाहिलेलंच नसे. तिच्या डोळ्यांपुढे चित्रपट नव्हता, नुसते फोटो होते. हे वाचलं आणि त्या रात्री मला चहा नकोसा झाला. आपला मेंदू पदरचं घालतो म्हणून मी त्याला लबाड म्हणत होतो. त्याने ते घातलं नसतं, तर घरात चहासुद्धा ओतता आला नसता.

इथे खरं म्हणजे लेख संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली बँकेत. माझं काम काउंटरवरचं. आमच्या शाखेत एक निवृत्त संस्कृतचे मास्तर येतात. वय चौऱ्याऐंशी, धोतर, हातात कापडी पिशवी. त्यांनी सहा हजार काढायची स्लिप दिली. मी संगणकावर त्यांच्या सहीचा नमुना उघडला. १९९४ सालची सही. काय सही होती! देवनागरीत, शिरोरेघ फूटपट्टीने मारल्यासारखी, शेवटच्या अक्षराला मोरपिसासारखा फराटा. आणि स्लिपवर? मुंगी शाईत पडून निघाल्यासारखं काहीतरी.

"सर, सही जुळत नाही."

त्यांनी पुन्हा केली. मुंगी दुसऱ्या वाटेने गेली. तिसऱ्यांदा केली. तीन सह्या एकमेकींशीही जुळेनात. मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी चष्मा वर करून त्या १९९४ च्या सहीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान सही आहे हो. हा गृहस्थ हल्ली भेटत नाही मला."

मागे रांग होती. पावणेचार वाजले होते. मी म्हटलं, "नव्या सहीचा नमुना द्यावा लागेल. फॉर्म, फोटो, ओळखपत्र. उद्या या."

"तुम्ही मला ओळखता ना?"

"हो सर. पण ओळखीचा प्रश्न नाही. सहीचा आहे."

मास्तर हसले. म्हणाले, "आमच्या शास्त्रात एक देवदत्त आहे. त्याला पूर्वी एका गावी पाहिलं, आज दुसऱ्या गावी पाहिलं. तेव्हा तो जवान होता, आता म्हातारा आहे. तरी बघणारा म्हणतो, 'तो हा देवदत्त'. गाव वगळायचं, काळ वगळायचा, उरतो तो देवदत्त. मुलांना हे शिकवताना पस्तीस वर्षं गेली. तुमच्या संगणकाला 'तो' दिसतो आणि 'हा' दिसतो. 'तो हा' म्हणायला माणूस लागतो." आणि पिशवी उचलून निघाले. दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन आले, बाकावर तासभर बसले आणि पैसे घेऊन गेले. रिक्षाचा खर्च दोनदा झाला. नियमाच्या दृष्टीने मी काहीच चुकलो नव्हतो. फक्त एवढंच, की उठून साहेबांच्या टेबलाशी गेलो असतो, तर ते काम आदल्या दिवशीही झालं असतं. मी उठलो नाही. पंधरा पावलांचं अंतर होतं, आणि मला वाटतं, तिथे खरोखरच माझ्यात काही हललं नाही.

दुसरी गोष्ट घरातली. नागपूरची ताई दोन वर्षांनी आली. फोनवर अण्णांना ती दर रविवारी बघते. पण फोनवर दिसतो तो चेहरा, आणि चेहरा खुर्चीत बसलेला असतो. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, अण्णांचं काय झालंय?"

"काय झालंय? आहेत तसेच आहेत."

"भिंत धरून चालतात."

"कुठे? काहीतरीच काय. रोज बघतो मी त्यांना."

ताई काही बोलली नाही. मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं आणि भिंतीकडे बोट केलं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेच्या जरा वर, भिंतीच्या पिवळ्या रंगावर एक तपकिरी पट्टा गेला होता. तळहाताएवढा रुंद. पलंगापाशी फिका, वळणावर गडद, न्हाणीघराच्या चौकटीशी पार काळा. तो मी पाहिलेला नव्हता असं नाही. हिने दोनदा साबणाने पुसलाही होता. दिवाळीनंतर रंग काढायचा म्हणून रंगाऱ्याला विचारून ठेवलं होतं. पण तो पट्टा म्हणजे वडलांचा हात आहे, हे आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.

आमचे अण्णा एस. टी. त कंडक्टर होते. बत्तीस वर्षं. आंबेनळी घाटात गाडी वळणावर झुकलेली असताना, कशालाही न धरता, दोन्ही हातांनी तिकिटं फाडणारा माणूस. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा वाटे, सगळी गाडी हलतेय आणि एकटे अण्णा तेवढे स्थिर उभे आहेत. आता खोली जागच्या जागी उभी असते, आणि अण्णांना दांडा लागतो. तो नव्हता, म्हणून त्यांनी भिंत धरली.

हे कधीपासून? आठवायला गेलो तर आठवेना. कोपऱ्यावर पेपर आणायला जाणं त्यांनी कधी सोडलं? चहाची बशी दोन हातांनी कधी धरायला लागले? एकही दिवस असा नव्हता, की आदल्या दिवशीचे अण्णा आणि आजचे अण्णा यांत मला फरक दिसला. तास-काटा हलताना कोणाला दिसतो? डोळ्यांना फार जलद हलणारं दिसत नाही, तसं फार हळू हलणारंही दिसत नाही. फाळक्यांच्या वाटाण्यासमोर कोणी महिनाभर खुर्ची टाकून बसला असता तरी त्याला कोंब वाढताना दिसला नसता. मी तसा समोर खुर्ची टाकून बसलो होतो. ताईकडे दोनच फोटो होते, दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा. म्हणून तिला मधली हालचाल एका क्षणात दिसली. माझ्याकडे सातशे तीस फोटो होते. मला 'आहेत तसेच' दिसले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चालवून पाहिलं, लिहायला लावलं, कागद नीट निरखला आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "हळूहळू फरक पडेल. वर्षभर आधी का नाही आणलंत?" हा प्रश्न डॉक्टर सगळ्यांनाच विचारतात असं मी ऐकून होतो. मी फक्त खाली बघितलं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून हिशेब मांडला. बँकेत मी दोन फोटो शेजारी ठेवतो आणि म्हणतो, हा तो नव्हे. मधली तीस वर्षं माझ्या लेखी नाहीत. घरी मी मधला प्रत्येक दिवस बघतो आणि म्हणतो, हा तोच. मधली दोन वर्षं माझ्या लेखी घडलीच नाहीत. एका ठिकाणी बदल दिसतो पण माणूस दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी माणूस दिसतो पण बदल दिसत नाही. दोन्हीकडे डोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. डोळ्यांना दोष देऊन आर्यभटाची साक्ष काढायची सोय या वेळी नव्हती. डोळे आपोआप जोडतात तेवढं पुरेसं नसतं. काही ठिकाणी आपल्याला उठून जोडावं लागतं, आणि काही ठिकाणी आपणहून थांबून, ताई होऊन, दोन वर्षांनी आल्यासारखं बघावं लागतं.

राजा मिलिंदाला भिक्खू नागसेनाने विचारलं होतं म्हणे, की रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत दिव्यात असते, तीच शेवटच्या प्रहरी असते का? ती तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे, पण रात्रभर दिवा एकच जळत असतो. हे वाचायला फार सुरेख आहे. माझी भर एवढीच, की तेल किती उरलंय ते रात्री एकदा उठून बघावं.

आमच्या बँकेत खात्यांचे मुख्य प्रकार तीन. मुदत ठेव, बचत आणि चालू. मी आईवडलांना आजवर मुदत ठेवीत धरत होतो. एकदा ठेवली की बघायला नको, पावती कपाटात आहे. वास्तविक माणूस हे चालू खातं. रोज काहीतरी जमा, रोज काहीतरी नावे. खाते क्रमांक तोच आणि शिल्लक दररोज वेगळी. आणि चालू खात्याचा नियम आहे, की उतारा वेळोवेळी काढून बघायचा असतो.

हल्ली काउंटरवर कोणा म्हाताऱ्याची सही जुळली नाही की मी उठतो. पंधरा पावलं जातो, साहेबांना सांगतो, नव्या नमुन्याचा फॉर्म मीच भरून घेतो. साहेब म्हणतात, "तुमची हालचाल हल्ली वाढलीये." मास्तर परवा पुन्हा आले होते. नव्या नमुन्याशीही सही जुळेना. मुंगी आणखी पुढे गेली होती. मी पडदा न वळवता म्हटलं, "तो हा. बसा सर, मी आलोच." मास्तरांनी मान डोलावली. म्हणाले, "उच्चार बरा आहे. कॉमर्सच्या मानाने."

रंगाऱ्याला आम्ही नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी एक लोहार बोलावला आणि पट्ट्याच्या बरोबर वरून, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, स्टीलचा दांडा ठोकून घेतला. एस. टी. त असतो तसाच. पहिल्या दिवशी अण्णा उठले, दांडा धरला, तो हलवून पाहिला आणि त्यांचे खांदे एकदम ओळखीचे झाले. खोलीवरून एक नजर फिरवत म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका." मी आणि मुलगा पुढे सरकलो. मग मला म्हणाले, "सुटली का रे गाडी?"

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. उजवा पाऊल पुढे पडलं होतं, डावं उचलत होतं. या वेळी नीट, शेवटपर्यंत पाहिलं.

"सुटली, अण्णा," मी म्हटलं.

आतून आवाज आला, "नक्की बघून सांगा. मला कुकर लावायचाय."